बिनकामाची वाट

चालत्या गाडीत आत्या कधी झोपत नसत. एसटी असो, जीप असो, नाहीतर वऱ्हाडाचा टेम्पो असो. बाकीच्यांच्या माना लुडकायला लागल्या की त्या आणखी ताठ व्हायच्या. एका हातानं समोरचा दांडा घट्ट धरलेला आणि नजर रस्त्यावर. शेजारचं कुणी पेंगायला लागलं की त्याच्या गुडघ्यावर चापट बसायची. "झोपू नगा, गाडी चालू हाय." जणू गाडी नेण्याचं काम एकट्या ड्रायव्हरचं नसून आत बसलेल्या सगळ्यांचं आहे. लग्न होऊन मी सासरी निघाले तेव्हा नगरपासून पाथर्डीपर्यंत त्यांनी मलाही झोपू दिलं नव्हतं. लग्नाच्या दगदगीनं माझे डोळे मिटत होते आणि दर वेळी चापट बसत होती. सासूबाई कडक आहेत, एवढंच मी त्या दिवशी मनाशी धरलं.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे. त्यांचं नाव हौसाबाई. गाव पाथर्डीच्या पूर्वेला, जिथून थोडं पुढं गेलं की बीड जिल्हा लागतो. जमीन मुरमाड, पावसाचा भरवसा नाही. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला बाहेर पडायचं ते उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचं. आत्या लग्न होऊन आल्या त्याच वर्षी कोयता घेऊन सासऱ्यांबरोबर निघाल्या आणि केस पांढरे होईपर्यंत निघत राहिल्या. माझा नवरा संतोष गावात आजीपाशी राहून शिकला, पुढे नगरच्या एमआयडीसीत सुपरवायझर झाला. मी नगरमध्येच हायस्कूलवर शिकवते. सासरे वारल्यावर संतोषनं आईचा कोयता सोडवला आणि तिला आमच्याकडे आणलं. आणलं म्हणजे काय, पेरणीला आणि काढणीला त्या गावी जायच्याच. मधले महिने आमच्याकडे.

सकाळी शाळेच्या गडबडीत माझी धावाधाव सुरू झाली की त्या ओट्याशी लसूण सोलत शांतपणे म्हणायच्या, "घाई कारखान्याला असती. आपल्याला काय?" सुरुवातीला मला याचा राग यायचा. डबे भरायचे मी, बस चुकायची माझी, आणि या साखर कारखान्याच्या गोष्टी सांगतात. घरातलं कुणी कुठं निघालं की त्यांचा प्रश्न ठरलेला: "तिथं काम काय हाय?" बाजार हे काम, दवाखाना हे काम, लग्नही कामच. कामाशिवाय माणूस गाव सोडतो, हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हतं. तसं पाहिलं तर सातारा, सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत त्या जाऊन आल्या होत्या. मी एकदा विचारलं, एवढं कोल्हापूरकडे राहिलात, पन्हाळा पाहिलात का? म्हणाल्या, "बघितला की. फडातून दिसायचा."

संतोषनं जुनी का होईना, गाडी घेतली त्या दिवाळीत आम्ही कोकणात जायचं ठरवलं. दिवेआगरला समुद्र गाठायचा आणि तिथून काठाकाठानं खाली हर्णैपर्यंत जायचं. आमची मुलगी आजोळी गेली होती, आत्या गावी जाणार होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, तिथं काम काय आहे. मी सांगितलं, काहीच नाही. समुद्राच्या कडेनं एक रस्ता आहे, त्यावरून गाडीनं जायचं, वाटलं तिथं थांबायचं आणि परत यायचं. कुणाकडे उतरायचं, तर कुणाकडेच नाही, खोली घ्यायची. आत्यांनी निवडायला घेतलेली कांद्याची पात खाली ठेवली.

"म्हंजी जायचं आन यायचं. मधी काम न्हाई."

"नाही."

"मंग मी येते," त्या म्हणाल्या.

सकाळी पाहते तर दाराशी त्यांचं बोचकं तयार. त्यात ज्वारीचं पीठ, तिखट-मीठ, तवा, वाकळ, पाण्याचा कॅन आणि एक रिकामं घमेलं. परगावी जायचं म्हणजे बिऱ्हाड घेऊन जायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. घमेलं कशाला म्हणून संतोषनं विचारलं, तर असू दे, लागतं, म्हणाल्या. घमेलं त्यानं काढून ठेवलं. तवा काही त्यांनी काढू दिला नाही.

ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा करत आम्ही दिवेआगरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता, त्यामुळे समुद्र नुसता ऐकू आला. खरा दिसला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, श्रीवर्धनच्या वाटेवर. दिवेआगर सोडून थोडं पुढं गेलं की रस्ता एकदम समुद्राच्या अंगाला येतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा, आणि कठड्यापलीकडे पाणीच पाणी. लाट आपटली की तिचे शिंतोडे काचेवर येतात. आत्या पुढं बसल्या होत्या. त्यांनी संतोषच्या हाताला हात लावला आणि म्हणाल्या, "थांबव."

उतरून त्या कठड्याशी गेल्या, पदर डोक्यावर नीट घेतला आणि उभ्या राहिल्या. मग त्यांनी संतोषला विचारलं, "ह्याला बांध कुठं हाय रं?"

संतोष हसला. समुद्राला कसला बांध, म्हणाला.

"म्हंजी भांडान बी न्हाई," आत्या म्हणाल्या आणि कठड्यावर बसल्या.

आमचं घर ज्यांना ठाऊक नसेल त्यांना वाटेल, म्हातारी गमतीनं बोलली. पण आमच्या शेताच्या बांधावरून चुलत्यांशी भांडण दोन पिढ्या चाललेलं. नांगराचं एक तास इकडं सरकलं म्हणून माणसं एकमेकांच्या मयतीला गेली नव्हती. सासरे तर त्या बांधाकडे बघत बघतच म्हातारे झाले. अशा घरातल्या बाईला जिथवर नजर जाते तिथवर बिनबांधाचं शिवार दिसलं होतं. तिला बसावंसं वाटलं.

संतोषनं मात्र मोबाईलवर सगळा दिवस आखून ठेवला होता. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग फेरीबोटीनं खाडी पार, वेळासचा किनारा, संध्याकाळी केळशी. तो घड्याळ बघायला लागला. आत्या हलेनात. शेवटी तो जरा जोरात म्हणाला की आई, असं एकेका ठिकाणी बसलो तर पुढचं काहीच बघून होणार नाही.

"पुढं काय समुद्र बदलनार हाय व्हय? घाई कारखान्याला, संतोष. बस."

तो बसला नाही. गाडीला टेकून फोन बघत राहिला. मी आत्यांजवळ बसले. वारा खारट होता आणि त्यांच्या पदराची फडफड माझ्या तोंडावर येत होती. त्या दिवशी आमचं वेळास राहिलं, हरिहरेश्वरही धावतपळत झालं. बागमांडल्याला गाडीसकट बोटीवर चढताना मात्र आत्यांनी गाडीतून उतरायला नकार दिला. आधी गाडी वाहून नेणारी बोट ही गोष्टच त्यांना पटेना. मग बोट निघाली, काठ मागं सरकू लागला, तशा त्या हळूच दार उघडून खाली आल्या. आजूबाजूच्या गाड्या, मोटारसायकली, दुधाचे कॅन, सगळं जागच्या जागी उभं आणि तरी पुढं चाललेलं. त्या मला म्हणाल्या, "गाडी बी बसून हाय, आपन बी बसून हाय. आजच्या दिस कुनालाच काम न्हाई."

मोबाईलमधून रस्ता सांगणाऱ्या बाईला त्यांनी एव्हाना नाव ठेवलं होतं: मुकादमीन. 'दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा' असं ती म्हणाली की आत्या संतोषला विचारायच्या, "ऐकायचंच का हिचं?" आंजर्ल्याच्या अलीकडे एका फाट्यावर त्यांनी ते ऐकू दिलं नाही. आम्ही उजवीकडे वळलो आणि वाट संपली ती सुरूच्या बनात. पुढं नुसती वाळू, माणूस नाही. संतोषच्या कपाळावरची आठी तिथं पहिल्यांदा गेली. त्यानं बूट काढले आणि पँट दुमडून तो पाण्यात गेला. आत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तो लहान असताना दिवाळीत त्या कधी घरी नसायच्या. पाडव्याला त्या कुठल्यातरी फडात असायच्या आणि तो गावात आजीपाशी. मायलेकांची एकत्र दिवाळी ही अशी, या वयात, आंजर्ल्याच्या वाळूत झाली.

हर्णैला बंदराजवळ बायका मासळी वाळत घालत होत्या. आमच्याकडे आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील येतात. फडावर भाकरीबरोबर तेच परवडायचं. ते कुठून येतात हे आत्यांना ठाऊक नव्हतं. त्या तिथल्या एका बाईजवळ उकिडव्या बसल्या. मुकादम असतो का, पहाटे किती वाजता उठता, लेकरं कुठं ठेवता, असं विचारत विचारत त्यांचे हात आपोआप मासळी पसरायला लागले. संतोष म्हणाला, आई, आपण फिरायला आलोय. तेव्हा कुठं त्यांचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं. त्यांनी हात झटकले आणि त्या कोळणीला म्हणाल्या, "बाई, हात ऐकत न्हाईत. त्यांला सुट्टी ठावं न्हाई." त्या बाईनं हसून मूठभर सुकट त्यांच्या पदरात बांधून दिली. संध्याकाळी खोलीवाल्यांच्या चुलीवर तवा चढला आणि त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी ज्वारीची भाकरी खाल्ली.

परतल्यावर आत्यांनी गावभर सांगितलं. समुद्राचं कमी, रस्त्याचंच जास्त. त्यांची सगळ्यात जवळची मैत्रीण कोंडाबाई. दोघी ऊसतोडीच्या एकाच टोळीत, एकाच ट्रॉलीत बसून वर्षानुवर्षं गेलेल्या. कोंडाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की हौसा लबाड बोलती, काम नसताना कुणी एवढं लांब नेत नसतं. पुढच्या दिवाळीत आत्या मला म्हणाल्या, कोंडीला दाखवायचं आहे.

त्या वर्षी संतोषला रजा मिळाली नाही. मी गाडी चालवायला शिकले होते, पण घाट उतरून कोकणात एकटीनं गाडी न्यायला मी धजत नव्हते. आत्यांनी माझी काळजी दोन शब्दांत संपवली. "मी जागी हाय." आम्ही तिघी निघालो. या वेळी गुहागरहून खाली जायचं होतं, म्हणून साताऱ्यावरून कराड आणि तिथून कुंभार्ली घाट असा रस्ता धरला. हा रस्ता उसाच्या मुलखातून जातो हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

हंगाम सुरू होत होता. साताऱ्याच्या पुढं ट्रॅक्टर दिसायला लागले, मागं दोन दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत माणसं, बाजा, पत्रे, शेळ्या, कोंबड्या. संसाराच्या ढिगावर बसलेल्या बायका आणि त्यांच्या मांडीवर लेकरं. आमच्याच भागातली माणसं. एरवी कोंडाबाईनं हाक मारून गाव विचारलं असतं. पण दोघी गप्प होत्या. आत्यांनी पुढचा दांडा इतका घट्ट धरला होता की त्यांची बोटं पांढरी पडली होती. कराड मागं पडलं, घाट उतरला, हिरवं कोकण सुरू झालं तरी त्या बोलल्या नाहीत. गुहागरच्या मुक्कामातही नाही. त्यांना बरं वाटत नाही का, असं मी कोंडाबाईला विचारलं, तर तिनं नुसता हात हलवला.

दुसऱ्या दिवशी हेदवीवरून आम्ही तवसाळच्या धक्क्यावर आलो. तिथून बोटीनं खाडी ओलांडली की जयगड. बोट नुकतीच सुटली होती. ती पलीकडे जाऊन परत येईपर्यंत थांबायचं होतं. धक्क्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. तिघी पायरीवर बसलो, आणि पाण्याकडे बघत आत्यांनी सांगायला सुरुवात केली.

संतोषच्या आधी त्यांना एक मुलगी होती, सुरेखा. चालायला लागलेली, चार शब्द बोलणारी. संतोषला एवढंच माहीत होतं की एक बहीण होती, ती लहानपणी वारली. तो समजत होता तापानं. कराडकडच्या एका कारखान्याला टोळी निघाली होती. गावातून निघायला उशीर झाला होता आणि कारखान्याचा पट्टा पडायची, म्हणजे गाळप सुरू व्हायची वेळ आली होती, म्हणून ट्रॅक्टर कुठं न थांबता रात्रभर चालला. आत्या ट्रॉलीच्या कडेला बसल्या होत्या, मुलगी मांडीवर. उजाडता उजाडता त्यांना डोळा लागला. ट्रॉलीला हिसका बसला, त्या जाग्या झाल्या तेव्हा मांडी रिकामी होती.

"मागं पळाले," आत्या म्हणाल्या. "घावली. गेलेली हुती. मुकादम म्हनला, रस्त्याच्या कडंला माती द्या, पोचायचं हाय. तुझ्या सासऱ्यानं कोयत्यानंच खड्डा खांदला. बाभळ हुती का लिंब हुता, ते बी मला आता आठवत न्हाई. गावाचं नाव इचारायला कुनी थांबलं न्हाई. कारखान्याला घाई हुती."

'घाई कारखान्याला' हे मी रोज सकाळी ओट्यापाशी ऐकत होते, त्यावर चिडत होते, कधी कधी शाळेत मैत्रिणींना गंमत म्हणून सांगतही होते.

"चाळीस वर्सं झाली," आत्या म्हणाल्या. "माझा डोळा लागला नसता तर लेकरू ऱ्हायलं असतं."

कोंडाबाई त्यांच्या पलीकडे बसली होती. ती त्याच ट्रॉलीत होती, हे मला तेव्हा कळलं. या विषयावर दोघी मैत्रिणी त्यानंतर कधी बोलल्या नव्हत्या. गावात कुणीच बोललं नव्हतं. कोंडाबाईनं तंबाखूची चिमूट तशीच हातात धरली होती. ती पाण्यात टाकून ती म्हणाली, "हौसे, समद्यांचाच डोळा लागला हुता. तुझ्या मालकाचा, माझा, मुकादमाचा बी. आदल्या दिशी पत्रं भरली, बाजा बांधल्या, कुनी पाठ टेकली न्हवती. ट्रॅक्टरवाला बी पेंगत हुता, म्हनून तर हिसका बसला. तू येकटी कामून जागी ऱ्हानार हुतीस?"

आत्यांना हे खरंच माहीत नव्हतं. ट्रॉलीत आपण सोडून सगळे जागे होते, अशीच त्यांची समजूत होती, आणि ती कुणी मोडलीच नव्हती.

"तू बोलली न्हाईस कदी," त्या म्हणाल्या.

"तू इचारलं न्हाईस. आन मला वाटलं, तुला ठावं हाय."

बोट आली. मी गाडी चढवली, दोघी माझ्याबरोबर चढल्या. जयगडला उतरून मालगुंड, गणपतीपुळे मागं टाकत आम्ही रत्नागिरीच्या दिशेनं निघालो. आरे-वारेकडे जाताना रस्ता टेकडीवर चढतो आणि वळणावर अचानक खाली दोन किनारे उघडतात, मध्ये सुरूची रांग. आत्यांना हे दाखवायचं म्हणून मी कधीपासून वाट पाहत होते. वळण आलं तसं मी म्हटलं, आत्या, बघा. त्यांची मान खिडकीकडे कलली होती, दांड्यावरचा हात सुटून मांडीत पडला होता. त्या झोपल्या होत्या.

मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. कोंडाबाई आणि मी आवाज न करता खाली उतरलो. पर्यटकांच्या गाड्या येत होत्या, माणसं फोटो काढत होती, कणसं विकणारा शेगडीला वारा घालत होता. एका पोरानं हॉर्न वाजवला तर कोंडाबाई त्याच्या अंगावर धावून गेली. सूर्य खाली आला, पाणी आधी पिवळं आणि मग तांबडं झालं, आणि आत्या झोपल्याच होत्या. कोंडाबाई म्हणाली की आज रत्नागिरी नाही झालं तरी चालतंय. मी संतोषला फोन करून सांगितलं की आम्ही वाटेत थांबलोय. का थांबलाय, म्हणाला. तुझी आई झोपलीय, असं सांगितल्यावर त्याचा विश्वास बसला नाही. गाडीत? त्यानं दोनदा विचारलं.

घरी आल्यावर आत्यांनी त्याला सगळं स्वतः सांगितलं. संतोष उठून गच्चीवर गेला आणि जेवायला खाली आला नाही. नंतर त्यानं ती जागा शोधायची गोष्ट काढली. कारखाना कोणता, वाट कुठली, जुनी माणसं सांगतील. आत्यांनी नको म्हटलं. रस्ते रुंद झाले, झाडं तुटली, आता कुठं हुडकणार. पण त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत.

पुढच्या दसऱ्याला त्या गावी गेल्या आणि टोळ्या भरत होत्या तिथं जाऊन उभ्या राहिल्या. प्रत्येक ट्रॉलीपाशी जायच्या, लेकरं कुठं बसवलीत ते बघायच्या. कडेला बसलेल्या पोरीला आत सरकवायच्या, तान्हं लेकरू कमरेला कसं बांधायचं ते स्वतःच्या लुगड्यानं बांधून दाखवायच्या. ट्रॉलीच्या कडेनं जाळी बांधल्याशिवाय गाडी हलवू देणार नाही, असं त्यांनी एका मुकादमाला सांगितलं. तो तरुण होता, वैतागला. म्हातारे, कारखान्यावरून सारखे फोन येतायत, उद्या सकाळी पोचायचंय, असं काहीतरी म्हणाला. आत्या ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन जमिनीवर बसल्या. शेजारी कोंडाबाई बसली. मग एकेक करत ट्रॉलीतल्या बायका उतरल्या आणि त्याही बसल्या.

"घाई कारखान्याला हाय," आत्या त्याला म्हणाल्या. "लेकराला न्हाई."

संतोष त्या दिवशी कामावर गेला नाही. नगरच्या बाजारातून त्यानं जाळीचे गठ्ठे आणि दोरखंड घेतले आणि दुपारी गावात पोचला. त्यानं आणि टोळीतल्या गड्यांनी मिळून जाळ्या बांधल्या. ट्रॅक्टरवाल्याला आत्यांनी ओसरीत बाज टाकून दिली आणि झोप काढल्याशिवाय उठू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गाड्या निघाल्या. त्यानंतर आमच्या गावातून टोळी दिवसाच निघते. मुकादम कुरकुरतात, पण निघते.

त्यानंतरच्या दिवाळ्यांत आम्ही खाली खाली जात राहिलो. पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, कुणकेश्वर. एकदा पार मालवणपर्यंत. संतोष आता गाडी सावकाश चालवायचा. आत्या कधी जाग्या असायच्या, कधी झोपायच्या, आणि कोंडाबाई दर वळणाला म्हणायची की एवढं हिरवं असून इथल्या माणसांना ज्वारीची चव ठाऊक नाही, वाईट वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात आत्यांची किडनी थकली. नगरच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं तेव्हा त्यांना आणि आम्हालाही पुढचं दिसत होतं. एका दुपारी त्यांनी संतोषला जवळ बोलावलं. समुद्राची इतकी हौस म्हणून राख तिकडे नेण्याचं आमच्या मनात येईल, हे त्यांनी ओळखलं होतं.

"मला समुद्रात नगा सोडू," त्या म्हणाल्या. "तिथं मी हिंडायला गेल्ते, ऱ्हायला न्हाई. पोरीला जागा घावली न्हाई. मला हाय. मला माझ्या रानात ठिवा."

चार दिवसांनी त्या गेल्या. सावडण्याच्या दिवशी सकाळी भावकी शेतावर जमली. बांधाचं भांडण असलेले चुलतेही आले होते, थोडे लांब उभे राहिले. राख रानात टाकून वर झाड लावायची पद्धत आता आमच्याकडे आली आहे, म्हणून कडुलिंबाचं रोप आणायला मी सांगितलं होतं. संतोष पहाटेच कुदळ घेऊन गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याचा सदरा घामानं भिजलेला होता, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला शेजारी शेजारी दोन खड्डे तयार होते.

एका खड्ड्यात राख टाकून रोप लावलं. दुसऱ्यात नुसतंच रोप, संतोषनं आणलेलं, पहिल्याहून लहान. कोंडाबाई कळशी घेऊन पुढं आली आणि तिनं पहिलं पाणी त्या लहान रोपाला घातलं.